सागराची खतावणी : हेन्ड्रिक विलेम मेस्डाग

हॉलंडचा उत्तर समुद्राकडील किनारा निसर्गाने बंदरासाठी म्हणून घडविलेला नाही. मास नदीच्या मुखापासून उत्तरेस डेन हेल्डरपर्यंत पसरलेल्या ह्या वाळूच्या सरळ रेषेवर गलबतांना आसरा देईल अशी खाडी नाही, वाऱ्याला अडवील असा खडक नाही. एका बाजूस करड्या पाण्याचा अखंड विस्तार, दुसऱ्या बाजूस वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या, आणि त्या दोहोंच्या मध्ये भरती-ओहोटीच्या स्वाधीन असलेली पुळण, एवढेच तिचे वैभव. हेग शहरालगतच्या स्खेव्हेनिंगेन ह्या गावच्या कोळ्यांनी ह्या उणिवेवर शतकानुशतके जो तोडगा काढला होता तो असा की, बंदर नाही म्हणून होडीच अशी बांधावयाची, की तिला बंदराची गरज पडू नये. रुंदीच्या जेमतेम दुप्पट लांबीच्या, जाड ओकच्या फळ्यांच्या, सपाट बुडाच्या त्यांच्या होड्या भरतीबरोबर सरळ वाळूवर येऊन बसत आणि पाणी ओसरले की जागच्या जागी उभ्या राहत. मासळी तेथेच उतरे, तेथेच तिचा लिलाव होई, आणि कोळणी पाट्या घेऊन हेगच्या रस्त्याला लागत. हंगाम सरला म्हणजे घोडे जुंपून ह्या बोजड होड्या टेकड्यांच्या पायथ्याशी ओढून ठेवल्या जात.

हा किनारा, ही माणसे आणि ह्या होड्या आज त्या स्वरूपात अस्तित्वात नाहीत. तथापि त्या कशा होत्या, त्यांची शिडे भिजल्यावर कोणत्या रंगाची दिसत आणि ओल्या वाळूवर त्यांची छाया कशी पडे, हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याने दप्तरखान्यात जाण्यापूर्वी हेन्ड्रिक विलेम मेस्डाग ह्या चित्रकाराकडे जावे, असे माझे मत आहे.

मेस्डागचा जन्म 23 फेब्रुवारी 1831 रोजी हॉलंडच्या ईशान्येकडील ग्रोनिंगेन शहरी झाला. घराणे व्यापाऱ्यांचे, वडील क्लास मेस्डाग ह्यांची पेढी त्या प्रांतात प्रतिष्ठित होती. कलेविषयी घरात आस्था होती आणि मुलांना चित्रकलेचे धडेही मिळाले, परंतु त्या काळच्या सुस्थित घरांत चित्रकलेचे जे स्थान असे तेच येथेही होते : ती शिकावी, तिचा आनंद घ्यावा, पण तिच्यावर पोट भरण्याचा विचार मनात आणू नये. हेन्ड्रिक वयात येताच पेढीवर बसला. दर्शनी हुंड्या, व्याजाचे दर, मुदती आणि तारणे ह्यांच्या सहवासात त्याच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली, आणि पस्तिशीपर्यंत त्याच्या हातून जे काही रंगविले गेले ते फावल्या वेळच्या हौसेपलीकडचे नव्हते. पुढे त्याच्या चित्रांवर लिहिणाऱ्यांनी ही वर्षे वाया गेली असे मानले आहे. मला तसे वाटत नाही. रोज घडेल ते त्याच दिवशी टिपावयाचे, आपल्या इच्छेने त्यात एक पैही अधिक-उणी करावयाची नाही आणि वर्षाअखेर ताळा जमला पाहिजे, ही शिस्त ज्या हाताला पंधरा-वीस वर्षे लागली, तोच हात पुढे समुद्रासमोर बसला. आणि समुद्राच्या नोंदीही त्याने त्याच इमानाने ठेवल्या.

1856 साली त्याचा विवाह सिना व्हान हाउटेन हिच्याशी झाला. ही बाई सामान्य नव्हती. तिचा भाऊ सामुएल व्हान हाउटेन पुढे राजकारणात गाजला. बारा वर्षांखालील मुलांना कारखान्यात राबविण्यास बंदी घालणारा 1874 चा कायदा त्याच्याच नावाने ओळखला जातो. सिना स्वतः चित्रकर्ती झाली, पण ते मागाहून. पतीच्या मनातील ओढ तिने आधी ओळखली, आणि 1864 मध्ये तिच्या वडिलांच्या निधनानंतर जो वारसा तिच्या वाट्यास आला त्याच्या बळावर 1866 मध्ये पेढी सोडण्याचा निर्णय उभयतांनी घेतला. वय पस्तीस, पदरी तीन वर्षांचा मुलगा, आणि ज्या विद्येच्या भरवशावर घर सोडावयाचे तीत अजून उमेदवारीही झालेली नाही, अशी ती स्थिती होती. तो उन्हाळा ओस्टरबेकच्या वनराजीत निसर्गचित्रणात घालवून हे कुटुंब ब्रसेल्सला गेले. मेस्डागचा आप्त लॉरेन्स अल्मा-टाडेमा त्या वेळी तेथेच होता, आणि त्याच्या खटपटीने विलेम रुलोफ्स ह्या निसर्गचित्रकाराने ह्या प्रौढ शिष्यास आपल्या हाताखाली घेतले.

रुलोफ्सचा कटाक्ष एकाच गोष्टीवर होता : समोर जे आहे ते पाहा, आणि जे पाहिले तेवढेच काढा. मेस्डागने तीन वर्षे ही आज्ञा पाळली. परंतु झाडे, अंगणे, ओहोळ ह्यांत त्याचे मन पुरते रमले नाही. 1868 च्या उन्हाळ्यात मंडळी हवापालटासाठी जर्मनीच्या नॉर्डर्नाय बेटावर गेली, तेव्हा तेथे त्याला आपला विषय सापडला. समुद्र त्याने पूर्वी पाहिला नव्हता असे नाही. पण चित्रकाराच्या दृष्टीने, दिवसामागून दिवस, एकाच जागी बसून तो प्रथमच पाहिला. ह्या पाहण्याचा परिणाम एवढा निर्णायक ठरला, की पुढल्याच वर्षी ब्रसेल्सचे बिऱ्हाड मोडून कुटुंब हेगला आले, आणि त्याचे कारण एकच, हेगपासून स्खेव्हेनिंगेनची पुळण पायी जाण्याच्या टप्प्यात होती. तेथे समुद्राकडे तोंड केलेली एक खोली भाड्याने घेऊन मेस्डागने आपला नित्यक्रम आरंभिला. वादळ असो, धुके असो, वारा पडलेला असो, खिडकीशी बसून लाटांचा अभ्यास करावयाचा आणि तो रंगांत उतरवावयाचा.

1870 च्या पॅरिस सलोनमध्ये त्याचे ‘उत्तर समुद्रावरील फुटत्या लाटा’ हे चित्र झळकले आणि त्यास सुवर्णपदक मिळाले. पेढी सोडून अवघी चार वर्षे झाली होती. ह्या चित्रात वादळाशी झुंजणारे गलबत नाही, फळीला धरून तरंगणारा नाविक नाही, ढग फाडून येणारा प्रकाशाचा झोत नाही. सागरचित्रणाच्या तत्कालीन अलंकारशास्त्रातील एकही अलंकार मेस्डागने वापरला नाही. मळकट पाणी आपल्या ठरलेल्या रीतीने किनाऱ्याकडे येते, उथळ जागी तोल जाऊन कोसळते, फेस होते आणि मागे सरकते, एवढेच त्यात आहे. पण लाटेच्या पाठीवरचा तो शिशासारखा करडेपणा, फेसाखालून दिसणारी वाळूची पिवळट झाक आणि क्षितिजाशी पाणी व आभाळ ह्यांच्यातील पुसट होत जाणारी सीमा इतकी खरी आहे, की सागराला भव्य करण्यासाठी संकटाची योजना करावी लागते ही समजूत त्यापुढे टिकत नाही.

ह्या यशाला वर्ष उलटते न उलटते तोच 1871 मध्ये त्यांचा एकुलता मुलगा क्लास वयाच्या आठव्या वर्षी घटसर्पाने दगावला. पुन्हा मूल झाले नाही. ह्या आघातानंतर सिनाने स्वतः कुंचला हाती घेतला, आणि पुढे गवताळ माळराने, मेंढरांचे वाडे, फळाफुलांची स्थिरचित्रे ह्यांत तिने स्वतंत्र नाव मिळविले. शोकाविषयी ह्या दोघांनी चित्रांतून काही सांगितले आहे, असे मला दिसत नाही. पतीने समुद्र रंगविला, पत्नीने माळ रंगविला, आणि जो पैसा एरवी वारसासाठी साठविला गेला असता तो चित्रे खरेदी करण्यात खर्च होऊ लागला.

आता ज्या कृतीमुळे मेस्डागचे नाव सामान्य माणसाच्या ओठी आहे तिच्याकडे वळू. ‘पॅनोरमा’ ह्या प्रकाराचा जनक रॉबर्ट बार्कर हा आयरिश चित्रकार. 1787 मध्ये त्याने त्याचा हक्क कायद्याने नोंदवून घेतला होता. वर्तुळाकार इमारत बांधावयाची, तिच्या आतील भिंतीभोवती एकसंध चित्र लावावयाचे आणि प्रेक्षकास मध्यभागी उंच चौथऱ्यावर उभे करावयाचे, म्हणजे चोहो दिशांना दृष्टी फिरविली तरी चित्राची कड कोठेच सापडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या करमणुकीला पुन्हा एकदा जोराची भरती आली. भांडवलदारांच्या मंडळ्या स्थापन झाल्या, शहरोशहरी गोल इमारती उठल्या, आणि त्यांतून बहुतांशी रणसंग्राम दाखविले जाऊ लागले, कारण तोफा, धूर आणि प्रेते ह्यांना तिकिटे हमखास खपत. 1880 मध्ये अशाच एका बेल्जियन कंपनीने हेगच्या झेस्ट्रात रस्त्यावर पॅनोरमा उभारण्याचा करार मेस्डागशी केला.

मेस्डागने लढाई निवडली नाही. त्याने निवडला स्खेव्हेनिंगेनचा समुद्रकिनारा, आणि तोही कोणताही विशेष प्रसंग नसलेल्या एका साध्या दिवशीचा. गावालगतची सेइनपोस्ट ही उंच वाळूची टेकडी त्याने अवलोकनाची जागा म्हणून ठरविली. तिच्या माथ्यावर काचेचे एक नळकांडे उभारून, त्याच्या आत राहून, सभोवारचे जे जे काचेतून दिसे त्याची रेषा त्याने काचेवरच गिरविली. डोळा एका जागी स्थिर, काच स्थिर, आणि सृष्टी बाहेर. दृश्याची मांडणी करण्याचे स्वातंत्र्य त्याने ह्या युक्तीने आपल्या हातांनी टाकून दिले. देऊळ जेथे आहे तेथेच येणार, दीपगृह जेवढे उंच तेवढेच उमटणार, आणि होड्या ज्या क्रमाने लागल्या असतील तोच क्रम चित्रात राहणार. पुढे ह्या रेषा मोठ्या करून कापडावर उतरविण्यात आल्या. ते कापड उंचीला सुमारे 14 मीटर आणि परिघाला सुमारे 120 मीटर होते.

एवढे अवाढव्य काम एका माणसाच्या आटोक्यातले नव्हते, म्हणून मेस्डागने साथीदार घेतले. समुद्र, पुळण आणि होड्या त्याने स्वतःकडे ठेविल्या. आभाळ आणि टेकड्या थेओफिल द बॉककडे दिल्या. गावाच्या घरांचे काम सिनाने उचलले. बर्नार्ड ब्लोमर्सने एक स्त्री आणि तिचे मूल रंगविले. आणि पुळणीवर कवायत करणारे घोडेस्वार जॉर्ज हेन्ड्रिक ब्राइटनरने काढले. ब्राइटनर त्या वेळी तेविशीतला. थोड्याच दिवसांपूर्वी बेशिस्तीच्या कारणावरून हेगच्या कलाशाळेने त्याला काढून टाकले होते, आणि पुढे अॅम्स्टरडॅमच्या रस्त्यांचा थोर चित्रकार म्हणून तो मेस्डागपेक्षाही अधिक मानला गेला. वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या प्रकृतीच्या ह्या मंडळींनी परांचीवर उभे राहून सुमारे चार महिन्यांत ते चित्र पुरे केले, आणि त्यात एकाचा हात संपून दुसऱ्याचा कोठे सुरू होतो हे सहजासहजी कळत नाही. ही किमया ज्येष्ठ माणसाच्या धाकाने साधत नाही. समोरच्या वस्तूशी सर्वांनी इमान राखले, तरच ती साधते.

1 ऑगस्ट 1881 रोजी पॅनोरमा लोकांसाठी खुला झाला. प्रेक्षक प्रथम एका अंधाऱ्या वाटेने आत जातो आणि जिना चढून एकाएकी टेकडीच्या माथ्यावरील मंडपात येतो. अंधारातून आलेल्या डोळ्यांना बाहेरच्या उजेडाची आठवण राहिलेली नसते. चित्राची वरची कड मंडपाच्या छताने झाकलेली असते आणि खालची कड खऱ्याखुऱ्या वाळूत बुडालेली असते. त्या वाळूवर खरी जाळी, खरी लाकडी पादत्राणे, खरे गवत पडलेले आहे. खरे कोठे संपले आणि रंगविलेले कोठे सुरू झाले ह्याचा डोळा शोध घेऊ लागतो, आणि हार मानतो. प्रकाश मात्र कृत्रिम नाही. तो छतातील काचांतून, आकाशातून येतो. हेगवरून ढग सरकला की चित्रातल्या समुद्रावरही सावट येते, आणि ऊन पडले की ओली वाळू चकाकते. मेस्डागने 1881 मध्ये रंगविलेला समुद्र अशा रीतीने आजच्या हवेप्रमाणे बदलत राहतो.

मंडपाच्या कठड्याशी उभे राहून सावकाश एक फेरी घ्यावी. समुद्राच्या अंगाला वाळूवर बसलेल्या होड्यांची रांग आहे. त्यांच्या बाजूंना लटकणारी लाकडी पाती, वाळत घातलेली शिडे, एकमेकींत गुंतलेल्या डोलकाठ्या आणि नाळेवर रंगविलेले गावचे निशाण इतके नेमके आहे, की नौकाबांधणीचा अभ्यासक त्यावरून मापे काढू शकेल. पाण्याच्या कडेने घोडेस्वारांची तुकडी चालली आहे. पुळणीवर एका पांढऱ्या छत्रीखाली एक स्त्री चित्र काढीत बसलेली दिसते, ती सिना. वळत वळत जमिनीकडे आले की राजघराण्यासाठी बांधलेला मंडप, स्नानगृहाची लांबलचक इमारत, कोळीवाड्याची लाल कौले, जुने देऊळ आणि दीपगृह, आणि त्यापलीकडे क्षितिजावर हेगचे मनोरे. श्रीमंतांची विहारभूमी आणि मच्छीमारांची कर्मभूमी एकाच वाळूवर शेजारी-शेजारी नांदत असल्याचा हा पुरावा आहे. चित्रकाराने त्यावर काही भाष्य केलेले नाही. दोघांनाही त्याने सारख्याच काळजीने रंगविले आहे.

त्याच ऑगस्टमध्ये द बॉकबरोबर हे चित्र पाहून गेलेल्यांत अठ्ठावीस वर्षांचा व्हिन्सेंट व्हॅन गॉग होता. त्याने भावाला लिहिलेल्या पत्रात ह्या कामाविषयी संपूर्ण आदर व्यक्त केला आहे. ज्याच्या कुंचल्याने पुढे वस्तुनिष्ठेची वाट सोडून ज्वालेची वाट धरली, त्याने मेस्डागच्या संयमाची थोरवी जाणली, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

लोकांची वर्दळ मात्र फार काळ टिकली नाही. पॅनोरमाची हौस ओसरली आणि 1886 मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. अशा प्रसंगी कापडाचे तुकडे करून विकणे किंवा त्यावर दुसरे चित्र रंगविणे ही तेव्हा सर्रास रूढी होती, आणि युरोपातले बहुतेक पॅनोरमा असेच नाहीसे झाले. मेस्डागने हे चित्र पदरचे पैसे मोजून विकत घेतले. त्यापासून उत्पन्न नाही, खर्च मात्र कायमचा, हे पेढीवर वाढलेल्या माणसाला सांगावयास नको होते. आयुष्यभर ज्याने जमा आणि खर्च ह्यांच्या ओळी जुळविल्या त्याने ही एक तूट डोळे उघडे ठेवून पत्करली आणि अखेरपर्यंत सोसली. त्या खरेदीवाचून आज हे चित्र आपल्याला दिसले नसते.

त्यानंतरचा काळ मानमरातबाचा होता. हेगच्या ‘पुल्क्री स्टुडिओ’ ह्या कलावंतांच्या संस्थेचे अध्यक्षपद 1889 पासून 1907 पर्यंत त्याच्याकडे होते. योझेफ इझ्राएल्स, मारिस बंधू, आंतोन मौव्ह ह्यांच्या बरोबरीने ‘हेग संप्रदाया’चा धुरीण म्हणून त्याची गणना होऊ लागली, आणि त्याच्या चित्रांना परदेशांतूनही मागणी येऊ लागली. ह्या मागणीचा एक दुष्परिणाम नमूद केला पाहिजे. उत्तरायुष्यातील त्याची कित्येक सागरचित्रे एकमेकांची भावंडे वाटतात : तोच सूर्यास्त, त्याच दोन होड्या, तीच पाण्यावरील सोनेरी पट्टी. घेणाऱ्याला मेस्डाग हवा होता आणि मेस्डाग त्याला तो देत गेला. 1870 च्या लाटांत जी नवलाई आहे ती ह्या चित्रांत शोधूनही सापडत नाही.

संग्राहक म्हणून मात्र त्याची नजर शेवटपर्यंत ताजी राहिली. कोरो, मिले, रूसो, दोबिन्यी, कूर्बे ह्यांची चित्रे त्याने आणि सिनाने मोठ्या जाणतेपणाने जमविली. विपन्नावस्थेत असलेल्या इटलीच्या आंतोनियो मांचिनी ह्या चित्रकाराला तो वर्षानुवर्षे पैसे पाठवीत राहिला आणि त्याची चित्रे घेत राहिला. 1887 मध्ये ह्या संग्रहासाठी राहत्या घराशेजारी एक स्वतंत्र वास्तू बांधण्यात आली, आणि 1903 मध्ये वास्तूसह सर्व चित्रे उभयतांनी राष्ट्राला अर्पण केली.

इकडे किनाऱ्यावर मात्र त्याने रंगविलेले जग एकेक करून उखडले जात होते. ज्या सेइनपोस्ट टेकडीवरून त्याने काचेवर रेषा ओढल्या, ती टेकडीच खणून सपाट करण्यात आली. 1885 मध्ये कुरहाउस हे भव्य हॉटेल उभे राहिले आणि किनाऱ्याची आकृतीच पालटली. नंतर 22 आणि 23 डिसेंबर 1894 ह्या दोन दिवसांचे वादळ आले. पुळणीवर ओढून ठेवलेल्या होड्यांना टेकड्यांचा आश्रय पुरला नाही; समुद्र वर चढला, होड्या एकमेकींवर आदळल्या, कित्येकींचा चुराडा झाला आणि पुष्कळ कुटुंबांचे उपजीविकेचे साधन एका रात्रीत नाहीसे झाले. बंदराची मागणी जुनीच होती. आता ती टाळणे कोणत्याही सरकारास शक्य राहिले नाही. 1904 मध्ये स्खेव्हेनिंगेनचे बंदर खुले झाले. धक्क्याला लागणाऱ्या खोल बुडाच्या नव्या जहाजांपुढे सपाट बुडाच्या होड्यांचे प्रयोजन उरले नाही, आणि काही वर्षांत पुळणीवरून त्या नाहीशा झाल्या. कोळ्यांच्या दृष्टीने हा बदल इष्टच होता, कारण त्या रम्य दिसणाऱ्या होड्या पाण्यात लोटताना आणि पाण्यातून काढताना किती माणसे दगावत हे त्यांच्याच घरांना ठाऊक होते.

1909 मध्ये सिना वारली. तिच्यामागे सहा वर्षे मेस्डाग जगला, आणि 10 जुलै 1915 रोजी चौऱ्याऐंशीव्या वर्षी हेग येथेच त्याचे देहावसान झाले. राष्ट्राला दिलेला संग्रह सरकारी व्यवस्थेखाली राहिला. पॅनोरमाची व्यवस्था मात्र त्याने जिवंतपणीच निराळी लावून ठेवली होती. पुतण्या-भाचवंडांना भागीदार करून त्याने त्याची एक कौटुंबिक मंडळी बनविली, आणि त्या भागीदारांच्या वंशजांकडेच त्याची मालकी चालत आली. झेस्ट्रात रस्त्यावर, ज्या इमारतीसाठी ते रंगविले गेले त्याच इमारतीत, ते चित्र अद्याप लावलेले आहे, आणि तिकीट काढून जिना चढणाऱ्याला 1881 च्या त्या टेकडीवर उभे राहता येते.